माजघराच्या कोनाड्यातला आठ पोर्टांचा स्विच

रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या घराच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या असून गिलाव्यासकट त्यांची जाडी १५ इंच भरते. याच भिंतींमुळे भर मे महिन्यात माजघर गार असते आणि याच भिंतींमुळे ओटीवर आलेले इंटरनेट माजघराचा उंबरठा ओलांडत नाही. इंटरनेट कंपनीच्या माणसांनी फायबरची तार खिडकीतून आत घेतली, शेजारच्याच भिंतीवर मोडेमचा डबा ठोकला आणि ते निघून गेले. त्यानंतर दीड वर्ष ज्याला व्हिडिओ कॉल करायचा असेल त्याने ओटीवर येऊन बसायचे, अशी घराची रीतच पडली. गेल्या वर्षी मार्चमध्ये आम्ही घरभर तारा फिरवून एक छोटे नेटवर्क उभे केले. त्या साऱ्या मांडणीच्या मध्यभागी टीपी-लिंक कंपनीचा टीएल-एसजी१०८ हा आठ पोर्टांचा गिगाबिट स्विच आहे, म्हणजे एका तारेने आलेले नेटवर्क इतर तारांना वाटून देणारा, तारा खोचायची आठ भोके असलेला डबा. आंब्याचा हंगाम, पावसाळा आणि गणपतीतली माणसांची गर्दी असे सगळे पाहून झाल्यावर आता त्याविषयी लिहायला हरकत नाही.

स्विच घेण्यापूर्वी आम्ही दुसराच विचार करत होतो. हल्ली कोणत्याही दुकानात घरातल्या वायफायची तक्रार केली की तीन डब्यांचा ‘मेश’ संच पुढे केला जातो. फ्लॅटमधल्या चार-सहा इंची भिंतींसाठी तो उत्तम आहे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु मेशचे डबे तारेने जोडले नाहीत तर ते आपापसांत बिनतारीच बोलतात, म्हणजे ज्या भिंतीतून फोनला संदेश मिळत नाही त्याच भिंतीतून एका डब्याने दुसऱ्या डब्याला हाक मारायची असते. पुतण्याने एका मित्राकडून असा संच दोन दिवसांसाठी आणून लावून पाहिला. मागच्या पडवीत फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसत आणि पान मात्र उघडता उघडत नसे, कारण त्या रेघा फोन आणि जवळच्या डब्यामधल्या होत्या. तो डबा ओटीवरच्या डब्याशी कसा बोलतो आहे हे त्या सांगत नव्हत्या. तेव्हाच ठरले की भिंत तारेनेच ओलांडायची आणि वायफाय फक्त त्या-त्या खोलीपुरते ठेवायचे.

आता स्विचकडे वळतो. हा जाड पुस्तकाएवढा, पत्र्याच्या वेष्टनाचा डबा आहे. त्यात पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही आणि आमच्याकडच्या लाल धुळीला आत ओढून घेण्याची सोयही नाही. त्याला सेटिंगचे पान नाही, पासवर्ड नाही, मोबाइलवरचे ॲप नाही. अडॅप्टर लावायचा, तारा खोचायच्या, काम संपले. कोणती तार सरळ आणि कोणती उलट हा जुना घोळही उरलेला नाही, कारण ते स्विच स्वतःच ओळखतो. आठही पोर्ट प्रत्येकी १००० मेगाबिटचे, म्हणजेच एका गिगाबिटचे असून दोन्ही दिशांची बेरीज धरून त्याची एकूण क्षमता १६ गिगाबिट होते, याचा साधा अर्थ असा की आठही जण एकाच वेळी पूर्ण वेगाने काम करू लागले तरी कोणी कोणाची वाट अडवत नाही. पूर्वी आजी जिथे समई ठेवत असे त्या माजघरातल्या कोनाड्यात तो बसवला आहे. मे महिन्यातल्या दुपारी हात लावला तर कोमट लागतो, त्याहून अधिक तापलेला मी पाहिलेला नाही.

त्यात काय नाही हेही घेण्यापूर्वी माहीत असावे. तारेतूनच वीज देण्याची सोय, म्हणजे पीओई, या मॉडेलमध्ये नाही, तेव्हा ज्यांना कॅमेरे लावायचे आहेत त्यांनी त्या सोयीचे मॉडेल पाहावे. नेटवर्कचे वेगवेगळे भाग पाडणारी व्हीलॅनची सोयही नाही. ती हवी असेल तर याच आकाराचे, नावापुढे ‘ई’ लावलेले मॉडेल मिळते. चालू-बंद करण्याचे बटण नाही. आमच्यासारख्या घराला यातले काहीच अडत नाही.

माझ्या अनुभवाने या सगळ्या कामात डब्यापेक्षा तारेकडे अधिक लक्ष द्यावे लागते. आम्ही कोल्हापूरला एका दुकानात नेटवर्कची कॅट ६ या प्रतीची तार घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदारांनी दोन खोकी पुढे ठेवली. दोन्हींवर ‘कॅट ६’ असेच छापलेले होते, दोन्हींच्या तारा निळ्या होत्या आणि एकीची किंमत दुसरीच्या निम्म्याहून कमी होती. मी अर्थातच स्वस्त खोक्याला हात घातला. त्यावर त्या गृहस्थांनी काही न बोलता दोन्हींचे वीतभर तुकडे कापले, आतली एकेक बारीक तार सोलली आणि ब्लेडने खरवडून दाखवली. महागाची तार आतपर्यंत तांबूसच राहिली, तर स्वस्त तारेचा तांब्याचा मुलामा निघून आत पांढरेशुभ्र ॲल्युमिनियम दिसू लागले. अशी तार दोन-चारदा वाकवली की तुटते, विजेला तिचा रोध तांब्यापेक्षा जास्त असतो आणि कॅट ६ च्या मानकात ती मुळात बसतच नाही. ज्या दुकानदाराने गिऱ्हाइकाने न विचारताच हे दाखवले, त्याच्याकडून पुढची सगळी खरेदी करणे मला रास्त वाटले. शुद्ध तांब्याची १०० मीटर तार घेतली, त्यातली जवळपास ९० मीटर लागली.

तारा टाकण्याचे काम तालुक्याच्या गावातल्या एका तरुण वायरमनने केले. जांभ्याला भोक पाडणे वरवर सोपे वाटते, कारण दगड मऊ असतो, परंतु मध्येच पोकळी लागते आणि गिरमिट भरकटते. त्याने प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे पाडले आणि तीनपैकी एकदाच दोन्ही तोंडांत बोटभर फरक पडला. माळ्यावर उंदीर आहेत हे सांगितल्यावर त्याने उघडी तार कुठेही ठेवली नाही, सगळी पीव्हीसी पाइपातून नेली. विजेच्या वायरिंगपासून त्याने तार हातभर दूर ठेवली आणि जिथे ओलांडणे भाग होते तिथे काटकोनात ओलांडली. माजघरात झिरी मारू द्यायला आई तयार नव्हती, म्हणून तिथे केसिंग-कॅपिंगची पट्टी छताच्या वाशाला धरून गेली आहे आणि पाहुण्यांच्या ती सहसा ध्यानात येत नाही. त्याच्या कामाविषयी माझी एकच तक्रार आहे, पण ती नीट सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात आमचा महिना गेला.

पुतण्या लग्नसमारंभांचे फोटो काढतो. एका लग्नाचे सुमारे ६० जीबीचे फोटो तो माळ्यावरच्या संगणकावरून खालच्या स्टोरेजच्या डब्यात उतरवून ठेवतो. या कामाला नऊ-दहा मिनिटे लागायला हवी होती, ती दीड तास लागत होती. इंटरनेट मात्र व्यवस्थित होते. वेग मोजला की ९४ मेगाबिट दाखवत असे आणि आमची योजनाच १०० मेगाबिटची असल्यामुळे तारेवर संशय घेण्याचे कोणालाच कारण नव्हते. शेवटी संगणकाच्या सेटिंगमध्ये जोडणीचा वेग पाहिला तेव्हा तिथे १००० ऐवजी १०० हा आकडा होता. तारेत चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यांतल्या दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार पिनेला टेकली नसेल तर जोडणी बंद पडत नाही, ती बहुधा गुपचूप १०० वर उतरते आणि ज्याच्या घरी इंटरनेटच १०० चे आहे त्याला ते वर्षानुवर्षे कळत नाही. बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळणारा टेस्टर लावला. त्यावर १ ते ८ दिवे ओळीने लागतात. आमच्याकडे १, २, ३, ४, ५, ६ लागले, ७ ची जागा रिकामी गेली आणि ८ लागला. सातवी म्हणजे पांढरी-तपकिरी तार कनेक्टरमध्ये पूर्ण आत सरकलेलीच नव्हती. टोक कापून नवा कनेक्टर बसवला तेव्हा स्विचसमोर उभे राहून मी पुतण्याला वर ओरडून विचारले आणि ‘हजार!’ असे उत्तर आले. तेव्हापासून माझे सगळ्यांना सांगणे असते की मजुरी देण्याआधी प्रत्येक टोकावर टेस्टर लावून घ्यावा आणि प्रत्येक संगणकावर तो आकडा स्वतः वाचावा.

वायफायसाठी टीपी-लिंकचेच आर्चर सी६ हे दोन राउटर घेतले, एक मागच्या पडवीत आणि एक माळ्यावर. इथे पहिली चूक माझी झाली. मी ते राउटर म्हणूनच जोडले, त्यामुळे ओटीवरचा मोडेम सर्वांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देऊ लागला आणि पडवीतला आणि माळ्यावरचा राउटर आपापल्या कक्षेतल्यांना १९२.१६८.० ने सुरू होणारे. एका घरात तीन पोस्टमास्तर झाले. इंटरनेट सगळीकडे चालत होते, पण माळ्यावरचा फोन पडवीतल्या प्रिंटरला ओळखेना. दोन्ही राउटरच्या ऑपरेशन मोडमध्ये जाऊन ‘ॲक्सेस पॉइंट’ निवडल्याबरोबर पत्ते देण्याचे काम एकट्या मोडेमकडे राहिले आणि प्रिंटर सगळ्यांना दिसू लागला. नंतर मोडेममध्ये प्रिंटरचा आणि स्टोरेजचा पत्ता कायमचा राखून ठेवला, म्हणजे वीज जाऊन आल्यावर त्यांना शोधत बसावे लागत नाही. तिन्ही ठिकाणी वायफायचे नाव आणि पासवर्ड एकच आहे, २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ असे एकमेकांवर न चढणारे तीन चॅनेल वाटून दिले आहेत. ओटीवरून पडवीत चालत गेल्यावर काही फोन जुन्या वायफायला चिकटून राहतात, कारण कधी सोडायचे हे फोन ठरवतो, राउटर नाही. वहिनींचा फोन यात विशेष हट्टी आहे. त्या सरळ वायफाय बंद करून पुन्हा चालू करतात.

घरापासून ४५ मीटरवर आंबा भरायची शेड, म्हणजे मांगर, आहे. हंगामात तिथे पेट्यांचे हिशेब आणि गिऱ्हाइकांचे फोन चालतात, त्यामुळे तिथेही जोडणी हवी होती. तांब्याच्या तारेला १०० मीटरची मर्यादा आहे, म्हणजे अंतराच्या दृष्टीने तीच तार पुढे नेता आली असती. पण मान्सूनपूर्व पावसात आमच्याकडे विजा कशा पडतात हे ज्याने पाहिले आहे तो दोन इमारतींमध्ये तांबे टाकणार नाही. जवळपास वीज पडली तरी त्या तारेतून येणारा झटका दोन्ही टोकांची उपकरणे एकदम नेऊ शकतो. म्हणून तेवढा भाग फायबरचा केला. फायबरच्या साध्या तारेतसुद्धा बळकटीसाठी पोलादी काडी असू शकते, त्याऐवजी फायबरग्लासची काडी असलेली तार मागून घ्यावी लागते, नाहीतर मूळ हेतूच बुडतो. वरून न नेता ती काळ्या प्लॅस्टिकच्या (एचडीपीई) पाइपातून दीड फूट खोल पुरली, कारण वरच्या तारेवर माकडे झोके घेतात आणि केबल टीव्हीच्या काळापासून हे आम्हाला ठाऊक आहे.

फायबरच्या दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरमधला प्रकाश आणि तांब्याच्या तारेतली वीज यांची अदलाबदल करणारे डबे, लागतात आणि इथे दुसरी चूकही माझीच. एकाच काचतंतूवर जाणे-येणे करणारे कन्व्हर्टर जोडीने येतात: ‘ए’ बाजूचा १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, ‘बी’ बाजूचा नेमके उलट. मी सारखे दिसतात म्हणून दोन्ही ‘ए’ मागवले. दोघेही एकाच रंगात बोलत राहिले आणि ऐकले कोणीच नाही. एक बदलून आणल्यावर पहिल्याच क्षणी हिरवा दिवा लागला. कनेक्टरचा रंगही पाहून घ्यावा लागतो. मोडेमच्या फायबरचे टोक हिरवे असते, कन्व्हर्टरला निळे लागते, आणि दोन्हींच्या काचेचा उतार वेगळा असल्यामुळे ती एकमेकांत घालायची नसतात. मांगरासाठी १०० मेगाबिटचे कन्व्हर्टर पुरेसे आहेत.

गणपतीत घरात २२ माणसे होती आणि वायफायवर एका वेळी ३० हून अधिक उपकरणे दिसत होती. आरतीच्या वेळी माजघरातून दुबईला आणि नाशिकला व्हिडिओ चालू होता, मुले माळ्यावर सिनेमा पाहत होती, आणि कोणाला काही अडले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र दुपारी सगळेच एकदम थांबले. मोडेम बंद-चालू केला, उपयोग झाला नाही. कोनाड्यात पाहिले तर स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे एका लयीत लुकलुकत होते. टीव्ही हलवताना त्याची आणि तिच्या शेजारची अशा दोन तारा कोणीतरी स्विचमधून काढून ठेवल्या होत्या आणि आमच्या एका भाच्याने मोकळे पोर्ट आणि मोकळी तार पाहून, नीटनेटकेपणाच्या भावनेने, एका छोट्या तारेची दोन्ही टोके स्विचमध्येच खोचली होती. अशाने सर्वांसाठी पाठवलेला संदेश त्या चक्रात फिरत राहतो आणि पुन्हा पुन्हा सर्वांना जात राहतो, शेवटी दुसऱ्या कशालाच जागा उरत नाही. तार उपसली आणि दोन सेकंदांत सगळे सुरळीत झाले. साध्या स्विचकडून असे चक्र ओळखण्याची अपेक्षा करू नये. आता आम्ही प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावून नाव लिहिले आहे आणि कोनाड्याला लाकडी झडप बसवली आहे.

विजेचे थोडक्यात सांगतो. मोडेम, स्विच आणि दोन्ही राउटर घरच्या इन्व्हर्टरवर आहेत. सुरुवातीला वीज गेली की सगळे पुन्हा सुरू होत आणि पाच मिनिटे इंटरनेट नसे. इन्व्हर्टरच्या मागचे बटण ‘नॉर्मल’वर होते, ते ‘यूपीएस’वर केल्यापासून बदल इतक्या झटकन होतो की चालू असलेला कॉलही तुटत नाही. बाहेरगावाहून घरातला कॅमेरा पाहण्याचा नाद मात्र आम्ही थेट मार्गाने सोडून दिला, कारण मोडेमला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ने सुरू होतो, म्हणजे कंपनी अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते आणि बाहेरून आत येणारी वाट आपल्या हातात राहत नाही. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या ॲपमधून ते काम होते.

स्विच, दोन राउटर, तारा, फायबर, कन्व्हर्टर, पाइप आणि मजुरी धरून साधारण १८,००० रुपये खर्च आला. त्यात स्विचचा वाटा दोन हजारांच्या आत होता. राउटर आणखी काही वर्षांनी जुने ठरतील, तेव्हा ते काढून नवे लावता येतील. स्विच आणि भिंतीतली तार यांना हात लावण्याची गरज लवकर पडेल असे मला वाटत नाही. पाच पोर्टांचा स्विच काही शे रुपयांनी स्वस्त मिळतो, पण तो घेऊ नये: आमच्या आठ पोर्टांत मोडेम, दोन राउटर, प्रिंटर, स्टोरेज, पुतण्याचा संगणक, टीव्ही आणि मांगराचा कन्व्हर्टर असे आठ जण पहिल्याच दिवशी बसले. बेड्याजवळ, म्हणजे फाटकाजवळ, कॅमेरा लावण्यासाठी वायरमनने उरलेल्या तारेतून एक टोक आणून ठेवले आहे. ती नववी तार वेटोळे करून कोनाड्याच्या खुंटीला टांगलेली आहे आणि तिच्यासाठी आता मला सोळा पोर्टांचा स्विच पाहावा लागणार आहे.